जांभई देणारा शिपाई

१

पार्सल आलं की आधी ते उघडायचं नाही. आधी पत्त्यांचा डाव.

लिबेर एचेवेरी आणि नेल्सन बेन्तांकोर हा नियम वीस वर्षं पाळत होते. मोन्तेविदेओतल्या एका म्हाताऱ्या इमारतीत, चौथ्या मजल्यावर, दोघं शेजारी-शेजारी राहायचे. मध्ये एकच भिंत. तीही इतकी पातळ की इकडे कुणी शिंकलं तर तिकडून 'सलूद' ऐकू यायचं. दोघांना नाद एकच होता. परदेशातून रेझिनचे ओतीव अर्धपुतळे मागवायचे, अंड्याएवढे, आणि महिनोन् महिने बसून ते रंगवायचे. बाहेरची पार्सलं कस्टममधून वर्षाला माणशी मोजकीच सुटतात, म्हणून एका पार्सलात एकाच पुतळ्याच्या दोन प्रती. दोन चंदेरी पिशव्या, आत काय आहे ते दिसत नाही. पिशवी आधी कुणी उचलायची हे त्रुकोच्या एका डावावर ठरायचं.

"त्रुको," म्हणत नेल्सनने डाव चढवला.

"थापा मारतोयस."

"मग बघ की, लेका. तुला कुणी धरलंय?"

लिबेरने बघितलं नाही, पानं टाकून दिली. नेल्सनने आपली पानं उलटी केली. दोन भिकार पानं, भिकाऱ्यानेही परत केली असती अशी.

नेल्सनने डावी पिशवी उचलली. उचलताना तो खिडकीतून खालच्या बेकरीकडे बघत होता. लिबेरच्या पोटात दुखायला लागायचं ते नेमकं इथे. हा माणूस बघतसुद्धा नाही.

या वेळचा पुतळा होता पहाऱ्यावर जांभई देणारा शिपाई. नेल्सनच्या शिपायाच्या मिशीचा केस न् केस मोजता येत होता. तोंड हे एवढं उघडं, आणि आत खसखशीच्या दाण्याएवढे दात, ओळीने.

मग लिबेरने आपली पिशवी उघडली. त्याच्या शिपायाला एकच कान होता. नाकाचा शेंडा झुरळाने खाल्ल्यासारखा. साच्यात हवा अडकून गालांची पार चाळण झालेली. आणि जांभईच्या जागी रेझिनचा गच्च बोळा.

नेल्सनने तो हातात घेऊन नीट बघितला. "याला झोप नाही आलेली," तो म्हणाला. "याला अपचन झालंय."

लिबेरही हसला. लिबेर नेहमी हसायचा. दर ऑक्टोबरात, बोचे हा गोळ्यांचा खेळ जिथे चालायचा त्या क्लबच्या हॉलमध्ये, रंगवलेल्या पुतळ्यांची स्पर्धा व्हायची, आणि सात वर्षं नेल्सन पहिला, लिबेर दुसरा. सातही वर्षं लिबेरने स्वतःला एकच गोष्ट सांगितली होती: त्याला कास्टिंग चांगलं मिळतं. हात दोघांचे सारखेच आहेत. मला एकदा, एकदाच, नीट कास्टिंग मिळू दे.

त्याची सगळी अब्रू या एका वाक्यावर उभी होती.

२

त्याने विक्रेत्याला फोटो पाठवले. समोरून, बाजूने, भरपूर उजेडात. खाली लिहिलं, तोंड बंद आहे.

उत्तर कुठल्यातरी यंत्राने भाषांतर केलेलं होतं. "प्रिय मित्र, आपली तक्रार पाहून आनंद झाला. शिपाई जागा आहे."

लिबेरने पुन्हा लिहिलं, एक कान नाही.

"प्रिय मित्र, दुसरा कान पाहावा."

तिसऱ्यांदा त्याने जरा कडक लिहिलं. त्यावर, "प्रिय मित्र, कोमट पाण्यात ठेवा. तोंड उघडेल."

हे लिबेरने केलं. शिपायाला वाटीभर कोमट पाण्यात बसवलं आणि समोर खुर्ची टाकून बसला.

"चिमूटभर मीठ घाल," त्याची बायको सुल्मा जाताजाता म्हणाली. "आणि एक तेजपान."

"तू गप गं."

"मी गप्पच आहे. तोच बोलत नाहीये."

तोंड काही उघडलं नाही. मग लिबेरने ठरवलं की आपणच उघडायचं. गॅलरीला काचा लावून त्याने कामाची खोली केली होती. टेबल, दिवा, आणि चष्म्याच्या दुकानातून आणलेलं मोठं भिंग. त्या दुकानात तो रोज सकाळभर काचा घासायचा, तेव्हा घासायचं कसं हे त्याला कुणी शिकवायची गरज नव्हती. आधी बारीक ड्रिल, मग सुईएवढी कानस. बोळा कोरून काढायचा, खळगे पुट्टीने भरायचे, कान नवा घडवायचा.

आता मूळ पुतळ्याचं तोंड कसं आहे हे बघायला नेल्सनकडे जाता आलं असतं. पण जाणार कोण? या नादातली माणसं अशा वेळी जे करतात तेच त्याने केलं. समोर आरसा ठेवला आणि स्वतःचं तोंड उघडलं.

तीन आठवडे तो रोज दुपारी आ करून बसायचा. नाक स्वतःचं बघून केलं, कानही तसाच. दातही एकेक करून. वरचा पुढचा दात त्याचा टवका उडालेला होता. तिसरीत असताना शाळेतल्या पाण्याच्या नळावर मागून धक्का बसला होता, आणि धक्का देणारा कोण होता हे सांगायलाच हवं का? लिबेरने तो टवकाही कोरला. का कोरला ते त्याचं त्यालाही सांगता आलं नसतं. हात तिथे गेला, एवढंच.

खर्र, खर्र, खर्र. कानशीचा आवाज. आणि भिंतीपलीकडूनही, जरासा मागून, खर्र, खर्र, खर्र.

हाही कामाला लागलाय तर, असं लिबेरला वाटलं, आणि त्याने वेग वाढवला. पलीकडचाही वाढला.

३

रविवारी सकाळी नेल्सन आला. काखेत गरम पाण्याचा थर्मास, एका हातात 'माते' या कडू चहाचा पेला, दुसऱ्या हातात रुमालात गुंडाळलेला शिपाई.

"बघू तुझा," तो म्हणाला. लिबेरने भिंगाखाली सरकवला. नेल्सनने शीळ घातली. "अरे लेका! हे तू कोरलंस? त्या बोळ्यातून?"

लिबेरच्या छातीत सात वर्षांनी पहिल्यांदा काहीतरी सैल झालं.

"मग माझ्यासारखाच झाला की," नेल्सन म्हणाला आणि रुमाल सोडला.

नेल्सनच्या शिपायाच्या वरच्या पुढच्या दाताचा टवका उडालेला होता.

लिबेर बघतच राहिला. भिंग जवळ घेतलं, लांब केलं. टवका तोच. आतल्या बाजूला जरा तिरका, डावीकडे.

"हे तू केलंस?"

"काय?"

"दात."

"मी कशाला करू? असाच आलाय. म्हणून तर मजा आहे त्यात. पहाऱ्यावर कुणाशी तरी मारामारी केली असणार गड्याने." नेल्सनने पेला पुढे केला. "घे. गार होतंय."

"पहिल्या दिवशी दात सरळ होते याचे."

"पहिल्या दिवशी तू याचे दात बघत नव्हतास, लिबेर. माझ्याकडे बघत होतास. खाऊ का गिळू, असा."

तो गेल्यावर लिबेरने विक्रेत्याच्या पानावरचा फोटो उघडला. टवका होता. त्याने मनाशी नीट विचार केला. तो विचार करणारा माणूस होता. फोटो महिनाभर आधी आपण पाहिला होता. टवका तेव्हाही डोळ्यांत भरला असणार, डोक्यात बसला असणार, आणि हाताने तोच कोरला. आरसा नुसता निमित्त. झालं. कोडं सुटलं.

तेवढ्यात फोन वाजला. विक्रेत्याचा निरोप होता. "प्रिय मित्र, दुरुस्तीबद्दल आभार. आता सर्व ग्राहक समाधानी."

दुरुस्तीबद्दल लिबेरने त्याला एक अक्षरही कळवलं नव्हतं.

४

लिबेरने परीक्षा घ्यायचं ठरवलं. आपल्या शिपायाच्या डाव्या कानाच्या पाळीला त्याने पातीने एक खाच मारली, तांदळाच्या कणीएवढी. कुणाला बोलला नाही. मग साखर मागायच्या निमित्ताने शेजारी गेला.

नेल्सनने रंगवायला सुरुवात केली होती. पहिले हात नुसते दिले होते. डाव्या पाळीवर खाच होती, आणि खाचेच्या आत, अगदी तळापर्यंत, कातडीचा रंग पोचलेला होता.

"ही खाच..." लिबेर म्हणाला.

"छान आहे ना? सावली काय पडते तिथे!"

लिबेर साखर न घेताच परत आला.

भीती वाटायला हवी होती, आणि थोडी वाटलीही. पण भीतीच्या आधी दुसरंच काहीतरी वर आलं, करपट ढेकर यावी तसं. मी महिनाभर डोळे फोडले. चाळणीचा गाल केला, बोळ्याचं तोंड केलं. आणि याला ते सगळं आयतं. हा खिडकीतून बेकरीकडे बघत होता आणि माझी मेहनत याच्या टेबलावर जाऊन बसली.

पुढच्या शनिवारी क्लबमध्ये दोघांनी आपापला शिपाई नेला. क्लबचे अध्यक्ष डॉक्टर आराम्बुरू म्हणजे निवृत्त दातांचे डॉक्टर. पुतळे तपासायला त्यांनी आपला तोंडात घालायचा छोटा आरसा अजून जपून ठेवला होता. त्यांनी दोन्ही शिपायांच्या तोंडात तो फिरवला.

"कास्टिंग दोन्ही अव्वल," डॉक्टर म्हणाले. "फरक काहीच नाही. चेहरा कुठेतरी बघितलेला वाटतो बुवा." मग त्यांनी लिबेरचा शिपाई खाली ठेवला आणि नेल्सनचा हातातच ठेवला. बोलत राहिले, चहा प्यायले, पण तो काही खाली ठेवला नाही.

घरी चालत येताना लिबेरला ते कळलं. कास्टिंग आता सारखं आहे. फरक काहीच नाही. तरीही डॉक्टरांच्या हातात नेल्सनचाच राहिला.

ते एक वाक्य गेलं. सात वर्षं ज्यावर टेकून उभा होता ते.

५

स्पर्धेच्या आदल्या आठवड्यात नेल्सन बहिणीकडे साल्तोला गेला. जादाची किल्ली लिबेरला देऊन.

"पिंजऱ्यातल्या कॅनरीला दाणे घाल. फर्नला पाणी घाल. दोघांशी बोल थोडं, नाहीतर रुसतात."

"आणि शिपाई?"

"झाला की. वाळतोय." नेल्सन जरा घुटमळला. लहानपणापासूनचा हा माणूस, त्याचा चेहरा लिबेरला वाचता यायला हवा होता. "त्याला हात नको लावूस हं. म्हणजे बघूच नकोस. रविवारी बघ."

बघूच नकोस. लिबेरच्या अंगाचा तिळपापड झाला. मी काय चोरणार होतो का तुझे रंग?

मंगळवारी दुपारी तो गॅलरीत आपल्या शिपायाची गळपट्टी घासत बसला होता. बाहेर लख्ख ऊन. खालच्या बेकरीत कुणीतरी ट्रे आपटत होतं. खर्र, खर्र, खर्र.

भिंतीपलीकडून, जरासा मागून, खर्र, खर्र, खर्र.

लिबेर थांबला. पलीकडे अजून दोनदा झालं. मग थांबलं.

कॅनरी असेल. चोच पिंजऱ्यावर घासत असेल. त्याने कानस एकदाच ओढली, लांब. पलीकडे एकदाच, लांब.

दोनदा, आखूड. पलीकडे दोनदा, आखूड.

त्याने किल्ली घेतली. बाहेरच्या बोळात दिवा लावायची गरज नव्हती, तरी लावला. नेल्सनचं दार नीट बंद होतं, दोनदा फिरवलेलं. आत खिडक्यांच्या झडपा खाली ओढलेल्या, फटींतून उन्हाच्या पट्ट्या जमिनीवर. घरात नेल्सनचा वास होता, टर्पेंटाइन आणि बेकरीतले शिळे बिस्कोचो. कॅनरी पंखात डोकं खुपसून झोपलेली. दुपारी दोन वाजता.

टेबलावर काचेचा मोठा पेला उपडा ठेवला होता. त्याच्याखाली शिपाई. आणि शिपायाच्या भोवती, काचेच्या आत, करड्या भुकटीचं एक बारीक कडं. ताजं. काच मात्र जागची हललेली नव्हती. टेबलावरच्या धुळीत तिच्याभोवती एकही बोट उमटलेलं नव्हतं.

नेल्सनने बघू नको म्हणून सांगितलं होतं. लिबेर वाकला.

तो शिपाई नव्हता, लिबेर होता. लिबेरच्या नाकाच्या बाजूचे लाल डाग, भिंग लावून लावून आलेले. डोळ्यांखालची निळसर पिशवी, डावीकडे जरा मोठी. सुल्मा जिला 'नकाशा' म्हणायची ती गालावरची शीर. झोपेने ओले झालेले डोळे. असं ओलं लिबेरला आयुष्यात रंगवता आलं नव्हतं. तीन आठवडे आरशात बघूनही त्याला जे दिसलं नव्हतं ते सगळं या माणसाने भिंतीपलीकडे बसून, आठवणीतून, उतरवलं होतं.

पायथ्याशी पितळेची पट्टी होती, "माझा शेजारी". पेल्याखालून एका चिठ्ठीचं टोक बाहेर आलं होतं, नेल्सनच्या कोंबडीछाप अक्षरात. 'स्पर्धा झाली की लिबेरला द्यायचा. नंबर कुठलाही येवो.'

दुसऱ्या कुणाच्या डोळ्यांत पाणी आलं असतं. लिबेरच्याही डोळ्यांना काहीतरी झालं, पण ते पाणी नव्हतं.

नंबर कुठलाही येवो. म्हणजे पहिला नंबर घ्यायचा आणि वर तो दान करायचा. माझंच तोंड, माझ्याच हातांनी कोरलेलं. आणि तेसुद्धा यालाच जास्त चांगलं जमलं.

त्याने फर्नला पाणी घातलं. कॅनरीला दाणे घातले. कुणाशीच बोलला नाही.

६

शनिवारी सुल्माने रेडिओ लावला आणि मिलानेसा तळायला घेतल्या. नेल्सन दुपारी यायचा होता. स्पर्धा उद्या.

लिबेर गॅलरीत गेला, दार लावलं, आरसा पालथा घातला आणि आपला शिपाई चिमट्यात आवळला. सुईएवढी कानस बाजूला ठेवली. मोठी घेतली.

काय करतोय हे त्याला पक्कं ठाऊक होतं. आपला शिपाई जाईल, जाऊ दे. दुसरा नंबर कुणाला हवाय? पण पलीकडचा जाईल. पट्टी राहील, चिठ्ठी राहील, आणि वर एक गुळगुळीत गोटा. डॉक्टरांना म्हणावं, घ्या हातात.

आधी नाक. मग मिशी, ओठ, दात. कान दोन्ही. मग गाल, कपाळ, डोळे. कानस मोठी असली की वेळ लागत नाही. महिन्याभराचं काम, चाळीस मिनिटांत सपाट.

मध्ये एकदा त्याने हात थांबवून कान दिला. भिंतीपलीकडे काहीच नव्हतं. पुन्हा घासलं, पुन्हा थांबला. काही नाही. रेडिओमुळे ऐकू येत नसेल, त्याने स्वतःला समजावलं. सुल्माला रेडिओ हळू लावताच येत नाही.

शेवटी फुंकर मारायला गेला तर फुंकर नीट बसली नाही, म्हणून ब्रशने झाडलं. टेबलावर करडी भुकटी पडली होती, रेझिनची. शर्टाच्या गळ्यावर आणि मांडीवरही पडली होती, पण ती पांढरी होती. तिच्याकडे त्याने थोडा वेळ बघितलं. दुखत तर कुठेच नव्हतं.

तो मोरीत गेला, दिवा न लावता, आणि तोंडावर पाण्याची ओंजळ मारली. पाणी कुठेही न अडता सरळ खाली गेलं.

घंटी वाजली.

"लिबेर, दार बघ रे!" स्वयंपाकघरातून सुल्मा ओरडली. तिचे हात पिठात होते. "नेल्सन असेल!"

लिबेरने दार उघडलं. नेल्सनच होता. उन्हाने रापलेला, बॅग अजून खांद्यावर, हातात रुमालात गुंडाळलेलं काहीतरी. तोंडभर हसत होता. मग हसू तसंच राहिलं आणि डोळे मात्र हलायला लागले. ओल्या लादीवर पाय ठरू नये तशी त्याची नजर लिबेरवर ठरेना. कपाळावरून घसरून खांद्यावर गेली, खांद्यावरून चौकटीवर.

"माफ करा हं," नेल्सन म्हणाला. "लिबेर आहे का घरात?"

लिबेरला 'अरे गाढवा' म्हणायचं होतं. आतून त्याने ते म्हटलंही.

"नाही, झोपला असेल तर उठवू नका. हे त्याला द्यायचं होतं. रविवारपर्यंत धीर नाही निघाला माझा." नेल्सनने रुमाल सोडला. "साल्तोत ठरवलं, यंदा स्पर्धेत नाही ठेवायचा. त्याच्याकडेच शोभेल."

लिबेरने बघितलं. पुतळ्याला ओरखडासुद्धा गेला नव्हता. नाक होतं, ओठ होते, ओल्या डोळ्यांतली झोप होती. गालावर कुठे एक खळगा नाही, साच्याची रेघ नाही. आणि इतकं झाल्यावरही, ते बघताना, लिबेरच्या पोटात नेहमीच्या जागी दुखलं.

"कोण आहे?" म्हणत सुल्मा बाहेर आली, हात पुसत. लिबेरला वळसा घालून पुढे गेली आणि पुतळा बघून तिने तोंडावर हात ठेवला.

"अगं बाई! हे तर आमचं ध्यान!" तिने तो दोन्ही हातांत घेतला, उजेडाकडे धरला, आणि अंगठ्याने हळूच त्याचा गाल चोळला. "नकाशा पण काढलास रे? कसला हुबेहूब... नेल्सन, रडवशील आता मला."

"आवडेल त्याला?"

"जळेल आधी. मग आवडेल."

दोघं हसले. तव्यावर मिलानेसा करपायला लागली होती, पण सुल्मा हलली नाही. मग तिचं लक्ष दाराकडे गेलं. पाहुण्यांसमोर करते तसा तिने आवाज खाली आणला आणि नेल्सनला विचारलं, "हे तुझ्याबरोबर आलेत का?"

"नाही," नेल्सन तितक्याच हळू म्हणाला. "मला वाटलं, तुमच्याकडचे."